टर्बो मोटारीचा मंदपणा : परीक्षा व उपाय

रत्नागिरी जिल्ह्यांतील बागायतदाराच्या अंगणांत एके काळीं बैलगाडी असे. पुढें जीप आली. आणि आतां पुष्कळ ठिकाणीं डिझेलवर चालणारी, टर्बो बसविलेली, उंच बांध्याची मोटार उभी दिसते. तिला व्यवहारांत एसयूव्ही म्हणतात. पुण्यास तयार झालेली सफारी १९९८ सालीं आणि नाशिकची स्कॉर्पिओ २००२ सालीं बाजारांत आली, तेव्हांपासून या जातीच्या गाड्यांचा प्रसार आपल्याकडे झपाट्यानें झाला. घरचीं माणसें, फवारणीचें सामान, कलमांची रोपें आणि हंगामांत घाईनें पोंचवावयाच्या आंब्याच्या पेट्या, या सर्वांची ने-आण बहुधा ही एकच गाडी करिते.

या गाड्यांविषयीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. "गाडीला पिकअप राहिला नाहीं", "पाय दाबला तरी गाडी विचार करीत बसते", "ऑटोमॅटिक गिअर घाटांत वेळेवर पडत नाहीं", असे तिचे निरनिराळे शब्द असतात. पण मूळ गोष्ट एकच असते. चालकानें मागितलेली शक्ति चाकापर्यंत उशिरा पोंचते. हा उशीर कित्येकदां यंत्राचा स्वभाव असतो, कित्येकदां चालविण्याच्या रीतीचा परिणाम असतो, आणि कित्येकदां खरोखरीचा बिघाड असतो. या तिहींतील भेद न ओळखतां एकदम टर्बो बदलण्यास निघणें म्हणजे पानें पिवळीं पडलीं म्हणून माती न तपासतां कलम उपटण्यासारखें आहे. तो भेद कसा ओळखावा आणि उपाय कोणत्या क्रमानें करावे, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

उशिराची किंमत

ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें ११ मीटर अंतर तोडते. समोरून तितक्याच वेगानें दुसरी गाडी येत असेल, तर दोहोंमधील अंतर २ सेकंदांत ४४ मीटरांनीं कमी होतें. आंबा घाटांत, परशुराम घाटांत किंवा कुंभार्लीच्या वळणांवर लाकडाच्या ट्रकास मागें टाकूं पाहणाऱ्या चालकाची गाडी ऐन वेळीं दोन सेकंद दम टाकीत राहिली, तर तेवढ्या अवधींत प्रसंग ओढवतो. म्हणून हा विषय केवळ सोयीचा नव्हे, जिवाचा आहे. खर्चाची बाब त्याच्या मागून येते, पण तीही लहान नाहीं.

टर्बो काम कसें करितो

इंजिनांत डिझेल जाळावयाचें तर त्या प्रमाणांत हवा लागते. साधें इंजिन ही हवा स्वतः ओढून घेतें. टर्बो बसविलेल्या इंजिनांत सायलेन्सरकडे जाणाऱ्या तप्त धुराच्या वाटेंत एक लहान चक्र बसविलेलें असतें. धुराच्या झोतानें तें फिरतें, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकाचें चक्र ताजी हवा दाबून इंजिनांत भरतें. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याची ही युक्ति अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरानें काढली व १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. पूर्ण भरांत असतां हें चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतें. दाबल्यानें हवा तापते व विरळ होते, म्हणून ती इंटरकूलर नांवाच्या जाळींतून थंड करून मग इंजिनांत सोडतात.

ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या चक्कीचें उदाहरण घेतल्यास हें नीट समजेल. ओढ्यास धार नसेल तर चक्की फिरत नाहीं, आणि दार उघडून पाणी सोडलें तरी जड चाक गति घेण्यास क्षणभर वेळ लावतें. टर्बोचें तसेंच आहे. इंजिन मंद फिरत असतां धूर थोडा, म्हणून चक्राची गति थोडी, म्हणून हवेचा दाब थोडा. पाय दाबल्यावर प्रथम थोडें डिझेल, त्यापासून थोडा धूर, त्यापासून थोडा दाब, अशी ही सांखळी वाढत जाते. या सांखळीस लागणारा काळ म्हणजेच ज्यास टर्बो लॅग म्हणतात तो उशीर होय. हा रोग नव्हे. चक्राभोंवतीचीं पातीं कमी-जास्त उघडून मंद गतींतही झोत जोरदार करण्याची योजना नव्या गाड्यांत असते. तिनें हा उशीर कमी होतो, पण अजिबात नाहींसा होत नाहीं.

थोडा हिशेब

गाडीचें वजन २००० किलो आणि माणसें व पेट्या मिळून ५०० किलो, असे २५०० किलो धरूं. पंधरास एक या प्रमाणाच्या चढावर ती ताशीं ३६ किलोमीटरनें, म्हणजे सेकंदास १० मीटर, जात आहे. तेवढ्या वेळांत ती सुमारें ०.६७ मीटर उंच चढते. निव्वळ हें ओझें वर उचलण्यासच सुमारें २२ अश्वशक्ति खर्च होतात. टायरचें घर्षण, वाऱ्याचा विरोध आणि गाडीचें एअरकंडिशन यांची शक्ति याखेरीज.

आतां इंजिनाकडे पाहूं. २.२ लिटरच्या ज्या इंजिनाचें जास्तींत जास्त बल २९० न्यूटन-मीटर असून तें १८०० फेऱ्यांपासून मिळतें, तें त्या फेऱ्यांवर सुमारें ७३ अश्वशक्ति देतें. तेंच इंजिन १२०० फेऱ्यांवर असतां टर्बोचा दाब अपुरा पडून निम्मेंच बल मिळालें असें धरल्यास केवळ २४ अश्वशक्ति उरतात. म्हणजे चढ चढण्यास कशाबशा पुरतील इतक्याच. वेग वाढविण्यास कांहींच शिल्लक नाहीं. फेऱ्यांत ६०० चा फरक, पण शक्तींत तिपटीचा! घाटांतील निम्म्याहून अधिक तक्रारींचें उत्तर, आमच्या मतें, या एका हिशेबांत आहे.

यांत ऋतूचीही भर पडते. हवा २० अंशांवरून ३६ अंशांपर्यंत तापली तर तिची घनता सुमारें ५ टक्क्यांनीं घटते. आणि ६०० मीटर उंचीवर समुद्रकांठाच्या मानानें तितकीच आणखी घटते. चैत्र-वैशाखांत, भरल्या ओझ्यानें, दुपारीं घाट चढणारी गाडी पौषांतील पहांटेपेक्षां कांहींशी जड वाटली, तर त्यांत आश्चर्य नाहीं.

तीन परीक्षा

बिघाड आहे कीं नाहीं, आणि असल्यास कोठें, हें ठरविण्यास पुढील तीन परीक्षा पुरतात. त्या मोकळ्या, सरळ व सपाट रस्त्यावर, इंजिन तापल्यावर, शेजारीं दुसरा मनुष्य बसवून कराव्या. फेरे दाखविणाऱ्या कांट्याकडे त्यानें पाहावें; चालकानें नजर रस्त्यावरच ठेवावी.

पहिली परीक्षा इंजिनाची. तिसऱ्या गिअरांत १२०० फेऱ्यांवर पाय पूर्ण दाबून पाहावा; नंतर त्याच गिअरांत १८०० ते २००० फेऱ्यांवर पुन्हां दाबून पाहावा. पहिल्या वेळीं गाडी रेंगाळली व दुसऱ्या वेळीं जोमानें निघाली, तर इंजिन व टर्बो निरोगी आहेत. दोष गिअर निवडण्याचा आहे. २००० फेऱ्यांच्या वरही गाडी ओढत नसेल, तर इंजिनास हवा किंवा डिझेल कमी पडत आहे असें समजावें.

दुसरी परीक्षा घसरणीची. वरच्या गिअरांत मध्यम वेगानें जात असतां पाय दाबावा. फेरे चढले पण गाडीचा वेग त्या मानानें वाढला नाहीं, तर शक्ति वाटेंत घसरत आहे. हातानें गिअर टाकावयाच्या गाडींत क्लचची तबकडी झिजल्याचें हें लक्षण. पाठोपाठ जळका वास आला तर संशय उरत नाहीं. ऑटोमॅटिक गाडींत हें लक्षण गिअरबॉक्समधील तेलाचें किंवा आंतील क्लचचें असतें.

तिसरी परीक्षा ऑटोमॅटिक गाडीपुरती. गिअरचा दांडा हातानें गिअर बदलण्याच्या स्थितींत न्यावा आणि एक गिअर खालचा धरून ठेवावा. असें केल्यानें गाडी चांगली ओढूं लागली, तर इंजिनांत कांहीं खोट नाहीं. गिअरबॉक्सचा संगणक खालचा गिअर उशिरा निवडतो, एवढेंच. खालच्या गिअरांतही मंदपणा कायम राहिला, तर दोष इंजिनाकडे शोधावा.

या तीन परीक्षांस पंधरा मिनिटें लागतात. त्यांचा निकाल कागदावर लिहून मेस्त्रीपुढें ठेवल्यास त्याचेंही काम सोपें होतें, आणि "सगळेंच बदलावें लागेल" या उत्तरापासून आपला बचाव होतो.

घाट चढण्याची रीति

ज्यांची गाडी पहिल्या परीक्षेंत निरोगी ठरली, त्यांनीं गाडीऐवजीं आपली रीति सुधारावी. बैलांची जोडी चढाच्या पायथ्याशींच सावरून घ्यावी लागते. मध्यावर दम तुटल्यावर चाबूक ओढून उपयोग नसतो. तसा गिअर चढ लागण्यापूर्वीं बदलावा. वळण घेण्याआधीं, ब्रेकवर पाय असतांनाच, एक गिअर खालीं यावें आणि फेऱ्यांचा कांटा १८०० ते २५०० यांच्या दरम्यान राखावा. वरच्या गिअरांत कमी फेऱ्यांवर पाय तळापर्यंत दाबून ठेवण्यानें डिझेल वांचत नाहीं. उलट तें अर्धवट जळून काजळी होते, आणि क्लच व इंजिनाचे आधार यांस धक्के बसतात.

ऑटोमॅटिक गाडींत घाट लागण्यापूर्वीं हातगिअराची किंवा स्पोर्ट स्थिति निवडावी. कांहीं गाड्यांत या स्थितींस निराळीं नांवें असतात. स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या प्रतींत त्यांस झिप, झॅप व झूम म्हणतात, तर हॅरिअर व नव्या सफारींत इको, सिटी व स्पोर्ट. काटकसरीच्या स्थितींत संगणक पायाची मागणी मुद्दाम मवाळ करितो व वरचा गिअर लवकर टाकतो. सपाट रस्त्यावर तें योग्यच, पण घाटांत अडचणीचें. पुष्कळांची तक्रार ही एक कळ फिरवितांच मिटते. ज्या गिअरांत घाट चढावा त्याच गिअरांत तो उतरावा, ही जुनी शिकवण ऑटोमॅटिक गाडीसही लागू आहे.

दुसऱ्या गाडीस मागें टाकावयाचें असेल तर आधीं गिअर खालीं घ्यावा, फेरे चढूं द्यावे, समोरचा रस्ता पुरेसा मोकळा दिसत आहे याची खात्री करावी, आणि मगच बाहेर निघावें. टर्बोचा उशीर आपल्या बाजूस असतांना खर्च व्हावा. समोरच्या बाजूस गेल्यावर नव्हे.

ॲक्सिलरेटर आणि संगणक

जुन्या जीपमध्यें ॲक्सिलरेटर दाबला कीं तार अथवा दांडी ओढली जाई. हल्लींच्या गाडींत पायाखालीं केवळ सेन्सर असतो. तो पायाची स्थिति संगणकास कळवितो, आणि किती डिझेल द्यावयाचें हें संगणक ठरवितो. तेव्हां पाय ही आतां आज्ञा नसून विनंति आहे. इंजिन थंड आहे, टर्बोचा दाब कमी आहे, किंवा एखाद्या सेन्सरची बातमी विसंगत आहे असें दिसल्यास संगणक ती विनंति कमी प्रमाणांत मान्य करितो. बिघाड गंभीर वाटल्यास तो इंजिनाची शक्ति बळेंच मर्यादित करितो व समोर पिवळा दिवा लावतो. अशा वेळीं गाडी चालते, पण फेरे ठराविक मर्यादेवर चढत नाहींत.

पेडल बॉक्स नांवाची एक डबी बाजारांत मिळते. ती पायाचा संदेश फुगवून सांगते, म्हणून थोड्या दाबानें गाडी उसळते. परंतु तिनें इंजिनाची शक्ति एका कणानेंही वाढत नाहीं. पाय पूर्ण दाबल्यावर पूर्वीं जें मिळत होतें तेंच मिळतें. खऱ्या बिघाडावर हा उपाय नव्हे. इंजिनाच्या संगणकांतील आज्ञावली बदलून शक्ति वाढविण्याची प्रथाही वाढत आहे. तिच्यामुळें हमी जाते आणि क्लच व गिअरबॉक्सवर रचनेबाहेरचा ताण येतो. धूर शुद्ध करणारीं अंगें काढून टाकणें तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्याही विरुद्ध आहे.

इंजिनाकडील दोष : कोणत्या क्रमानें शोधावे

स्वस्त व सोपें तें आधीं, महाग तें शेवटीं, हा नियम धरावा.

१. *हवेचा फिल्टर.* आपल्या भागांत जांभ्याची तांबडी धूळ हा फिल्टरचा मोठा शत्रु. चिऱ्याच्या खाणीजवळून रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेंत सांगितलेल्या अंतराच्या पुष्कळ आधीं भरतो. आंबा भरण्याच्या शेडमध्यें उभ्या राहणाऱ्या गाडीच्या फिल्टरपेटींत उंदीर पेंढा नेऊन घर करतात, हेंही ध्यानांत ठेवावें. भरलेला फिल्टर झाडून-धुवून पुन्हां न वापरतां बदलावा. कागद फाटला तर धूळ थेट टर्बोच्या चक्रावर जाते.

२. *दाबाच्या हवेच्या नळ्या.* टर्बोपासून इंटरकूलरकडे व तेथून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळ्या उष्णतेनें तडकतात, पट्टे सैल होतात, किंवा उंदीर त्या कुरतडतात. चिरेंतून दाब निसटतो. पाय दाबतांच फुस्स असा आवाज येतो, काळा धूर दिसतो आणि शक्ति जाते. थंड इंजिनावर नळ्या दाबून, वळवून, खालच्या बाजूनें हात फिरवून पाहाव्या. आंत तेलाचा पातळ लेप असणें स्वाभाविक आहे. परंतु एखाद्या ठिकाणीं बाहेरून तेलकट ओल दिसली तर चीर तेथेंच असण्याचा संभव अधिक.

३. *टर्बोचीं पातीं हलविणारें यंत्र.* कांहीं गाड्यांत तें निर्वाताच्या बारीक नळीनें चालतें, कांहींत विजेच्या मोटरीनें. नळी फाटली, जोडणीस खारा वारा लागून गंज चढला, अथवा गाडी चार महिने उभी राहून पातीं काजळीनें अडकलीं, तर दाब तयार होत नाहीं. निर्वातावर चालणाऱ्या प्रकारांत इंजिन सुरू करतांच दांडी हलते कीं नाहीं, हें मेस्त्रीस डोळ्यांनीं पाहतां येतें.

४. *डिझेलचा फिल्टर.* पावसाळ्यांत टांकींत पाणी साचतें. फिल्टरखालील तोटीनें पुस्तिकेप्रमाणें पाणी सोडावें. फिल्टर तुंबला असेल तर मंद चालींत कांहीं जाणवत नाहीं, पण चढावर मागणी वाढली कीं इंजिन उपाशी राहतें. पिंपांत महिनोन्महिने साठविलेलें डिझेल या गाड्यांस कधीं घालूं नये.

५. *काजळीचीं ठिकाणें.* धुराचा कांहीं अंश परत इंजिनांत सोडणारी झडप काजळीनें उघडी अडकली, तर ताज्या हवेची जागा धूर घेतो व शक्ति घटते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणीही असते. तिला डीपीएफ म्हणतात. ती भरत आली कीं गाडी आपण होऊन तींतील काजळी सुमारें ६०० अंश उष्णतेंत जाळून टाकते. पण त्यासाठीं कांहीं वेळ एकसारखी चाल लागते. घर ते बाग, बाग ते बाजार, अशा तीन-चार किलोमीटरच्या खेपांत ही संधि मिळत नाहीं. म्हणून गाळणीचा दिवा लागतांच हातखंब्याहून लांज्याच्या दिशेनें महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटें एकसारख्या मध्यम वेगानें गाडी न्यावी. त्या वेळीं व त्यानंतर लगेच वाळलेल्या गवतावर किंवा पेंढ्यावर गाडी उभी करूं नये. वैशाखांत तेवढ्यानें बाग पेटूं शकते.

६. *यूरियाचें द्रावण.* कांहीं नव्या गाड्यांत धूर शुद्ध करण्यास निराळ्या टांकींतून यूरियाचें द्रावण लागतें. तें ३२.५ टक्के अतिशुद्ध यूरिया व निःक्षार पाणी यांचें असतें. शेतकऱ्याच्या घरीं यूरियाचें पोतें असतेंच. परंतु शेताचा यूरिया पाण्यांत विरघळवून त्या टांकींत कधींही ओतूं नये. त्यावरील निंबाचा लेप व इतर द्रव्यें यांनीं महागडें यंत्र कायमचें निकामी होतें. द्रावण संपत आल्याची सूचना दुर्लक्षिल्यास गाडी शक्ति कमी करिते किंवा पुन्हां सुरू होण्याचें नाकारते.

टर्बोवर संशय घ्यावयाचा तो या सर्वांनंतर. आणि टर्बो खरोखर गेला असेल, तर तो कां गेला हें विचारावें. तेलाची नळी तुंबलेली किंवा हवेचा फिल्टर फाटलेला तसाच राहिला, तर नवा टर्बोही त्याच वाटेनें जातो. त्याच्या दांड्यास इंजिनाच्या तेलाचाच आधार असतो. म्हणून तेल पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रतीचें व वेळेवर बदललेलें असावें, आणि घाट चढून थांबल्यावर इंजिन लगेच बंद न करितां एक-दोन मिनिटें मंद चालूं द्यावें.

गिअरबॉक्सकडील दोष

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे प्रकार निरनिराळे असून त्यांचे स्वभावही निरनिराळे आहेत. टॉर्क कन्व्हर्टरच्या प्रकारांत तेलाच्याच द्वारें शक्ति पुढें जाते. तें तेल घाट, ओझें व उन्हाळा यांनीं लवकर थकतें. मग गिअर उशिरा पडतो, धक्का बसतो किंवा घसरण जाणवते. तें आयुष्यभर पुरतें असें कोणीं सांगितलें तरी पुस्तिकेंतील कष्टाच्या वापराचें कोष्टक पाहावें. आपला वापर त्याच सदरांत मोडतो. तेल नेमक्या सांगितलेल्या जातीचेंच घालावें. बॅटरी अशक्त झाल्यास किंवा काढून पुन्हां जोडल्यास संगणक शिकलेल्या संवयी कांहीं गाड्यांत विसरतो, आणि थोडे दिवस गिअर बेंगरूळ पडतात.

दुसरा प्रकार एएमटीचा. यांत गिअरबॉक्स व क्लच नेहमींचेच असून ते दाबण्याचें काम यंत्र करितें. गिअर बदलतांना क्षणभर शक्ति तुटणें हा त्याचा स्वभावच आहे. त्या क्षणीं पाय किंचित सैल केल्यास धक्का कमी होतो. तिसऱ्या, म्हणजे जोडक्लचाच्या प्रकारांत गिअर चपळाईनें पडतात. पण चढावर रांगेंत इंच-इंच सरकत राहिल्यास क्लच तापतात. कोणताही प्रकार असो, चढावर गाडी ॲक्सिलरेटरनें तोलून धरूं नये, ब्रेक लावावा.

याशिवाय गिअरबॉक्सच्या बाहेरचीं कारणेंही असतात. शोभेसाठीं मोठे टायर घातल्यास प्रत्येक गिअर जड होतो. टायरांत हवा कमी असणें, ब्रेक चिकटून राहणें, टपावर जाळी लावून ओझें लादणें, यांपैकीं एकेक गोष्ट लहान आहे. पण सर्व मिळून गाडीच्या पायांत बेडी घालतात.

स्कॅनरचा उपयोग

पिवळा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावल्यावांचून एकही भाग बदलूं देऊं नये. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपुरा. पी ०१०१ म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरची बातमी विसंगत. पी ०४०१ म्हणजे परतीच्या धुराचा प्रवाह कमी. पी ००८७ म्हणजे डिझेलचा दाब कमी. हे कोड रोगाचें नांव सांगत नाहींत, लक्षण सांगतात. पी ०२९९ दिसला म्हणून टर्बो बदलावा असें नव्हे. एका तडकलेल्या नळीनेंही तोच कोड येतो. कोड लिहून घ्यावा, मग पुसावा, आणि कोणत्या प्रसंगीं परत येतो तें पाहावें. हमी शिल्लक असल्यास गाडी अधिकृत ठिकाणींच न्यावी, व संगणकाची सुधारलेली आज्ञावली निघाली आहे काय, हेंही तेथें विचारावें.

वर्षाचें वेळापत्रक

*दसऱ्यास.* झेंडूची माळ घालून आपण गाडीची पूजा करितोंच. त्याच दिवशीं बॉनेट उघडून फिल्टरपेटी, रबरी नळ्या व तारांच्या जोडण्या पाहाव्या. गाडीचा तळ धुवावा, आणि डिझेल फिल्टरमधील पाणी सोडावें.

*माघांत, हंगामापूर्वीं.* इंजिनाचें तेल व हवेचा फिल्टर बदलावे, क्लचची परीक्षा करावी, ऑटोमॅटिक असल्यास तेलाची तपासणी करवावी, आणि दिवा लागलेला नसला तरी एकदां स्कॅनर लावावा.

*हंगामांत.* दर आठवड्यास टायरची हवा, इंजिनाचें तेल आणि हवेचा फिल्टर पाहावा. छोट्या खेपा फार होत असतील तर आठवड्यांतून एक लांब खेप मुद्दाम करावी.

*मृगापूर्वीं.* टांकी भरून ठेवावी, म्हणजे आंत दंव साचण्यास जागा उरत नाहीं. उभ्या गाडीजवळ पेंढा व धान्य ठेवूं नये. पावसाळ्यांत पंधरा दिवसांनीं गाडी बाहेर काढून चांगली तापेपर्यंत चालवावी. उभ्या उभ्या पांच मिनिटें इंजिन फिरविल्यानें हें काम होत नाहीं.

सारांश

मंद वाटणाऱ्या टर्बो गाडीस प्रथम योग्य गिअर द्यावा, मग स्वच्छ हवा, मग स्वच्छ डिझेल, मग धड नळ्या. टर्बो व गिअरबॉक्स यांचा नंबर शेवटीं. तीन परीक्षा स्वतः करणारा मालक मेस्त्रीपुढें अडाणी ठरत नाहीं, आणि त्याचा पैसाही भलत्या ठिकाणीं जात नाहीं. आंब्याची पेटी एक तास उशिरा पोंचली तर थोडा भाव जाईल. पण वळणावर दोन सेकंदांचा अंदाज चुकला तर जें जाईल तें कोणत्याही बाजारांत परत मिळणार नाहीं. म्हणून येत्या हंगामाची पहिली पेटी गाडींत चढण्यापूर्वीं या परीक्षा प्रत्येक बागायतदारानें करून घ्याव्या, आणि गाडी चालविणारा मुलगा किंवा गडी असेल तर त्याच्याकडूनही करवून घ्याव्या, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.